काकांचं सीएच ७०१, सुझुकीचं इंजिन आणि मधला गिअरबॉक्स

काकांनी घरी बांधलेल्या विमानाचं इंजिन एका दिवसात ठरलं, गिअरबॉक्स ठरायला चौदा महिने गेले. घरी विमान बांधणाऱ्या कुणालाही मी हीच केस सांगतो कारण बहुतेक लोक उलटं करतात, सहा महिने इंजिनाची चर्चा आणि गिअरबॉक्स काय कुठलातरी मिळेल असं. गिअरबॉक्सच्या बाबतीत आम्हीपण तेच केलं आणि त्यात पैसे आणि एक अख्खा उन्हाळा गेला.

काका म्हणजे माझे सख्खे काका नाहीत, इथे ओहायोत डेटनजवळ आमच्या ओळखीतले, मूळचे कोल्हापूरचे. तरुणपणी उद्यमनगरात लेथवर काम केलेले, नंतर इकडे येऊन टूलरूममध्ये पूर्ण करिअर केलं आणि रिटायर झाल्यावर गॅरेजमध्ये विमान. झेनिथचं सीएच ७०१, ख्रिस हाइंट्झ यांचं १९८६चं डिझाइन, दोन सीटचं, पत्र्याचं, पंखाच्या पुढच्या कडेला फिक्स स्लॅट म्हणजे पक्की बसवलेली पट्टी असलेलं, एकदम कमी जागेत उतरणारं आणि उडणारं. भरून वजन ११०० पौंड म्हणजे ५०० किलो. कोणीतरी अर्धवट सोडलेलं किट काकांनी घेतलं, पत्र्याचं काम बघण्यासारखं केलं, एकेक रिव्हेट ओळीत, आणि मग प्रश्न आला पुढे लावायचं काय. मी गाड्यांच्या ड्राइव्हलाइनमधल्या व्हायब्रेशनचं काम करतो म्हणून मला बोलावलं. खरं तर आधीच बोलवायला हवं होतं, मला बोलावलं तेव्हा पहिला गिअरबॉक्स विकत घेऊन झाला होता.

ह्या विमानाचं नेहमीचं इंजिन म्हणजे रोटॅक्स ९१२. ८० हॉर्सपॉवरचं १२११ सीसी, १०० हॉर्सपॉवरचं १३५२ सीसी, गिअरबॉक्स आतच बसवलेला. १००वाल्यात रेशो २.४३, म्हणजे इंजिन ५८०० आरपीएमला तर प्रॉप (पुढचा पंखा) साधारण २३८७ला. फार चांगलं इंजिन, पण नवीन घ्यायचं तर वीस हजार डॉलरच्या वर आणि काकांचं पेन्शन तेवढं नाही. कॉन्टिनेंटल ओ-२००, सेस्ना १५० मधलं, ते ७०१च्या नाकाला जड. फोक्सवॅगनचं बीटलवालं इंजिन डायरेक्ट ड्राइव्ह करून बरेच लोक उडवतात, पण ते पॉवर देतं तीन हजाराच्या वर आणि त्या स्पीडला प्रॉप छोटा ठेवावा लागतो. ७०१ला मोठा आणि सावकाश फिरणारा प्रॉप पाहिजे कारण ते हळू उडतं आणि त्याला ओढ पाहिजे ती जमिनीवरून सुटताना. ६० इंचाच्या जागी ७० इंचाचा प्रॉप लावला तर तेवढ्याच पॉवरमध्ये उभ्या जागी ओढ कागदावर साधारण दहा टक्के जास्त मिळते. म्हणजे गिअरबॉक्स आलाच, गाडीचं इंजिन ५००० आरपीएमला कामाचं आणि ७० इंची प्रॉप त्या स्पीडला सरळ लावला तर टोकं आवाजाच्या वेगाच्या पुढे जातात, मग ओढ कमी आणि नुसता आवाज.

मग सुझुकी जी१३. आपल्याकडे जिप्सीत आणि एस्टीममध्ये जे होतं तेच घराणं, १२९८ सीसी, बोअर ७४ आणि स्ट्रोक ७५.५. इथे ते जिओ मेट्रो नावाच्या छोट्या गाडीत यायचं, ७० हॉर्सपॉवर. अ‍ॅल्युमिनियम ब्लॉक, वजनाला हलकं, पार्ट स्वस्त आणि होमबिल्टवाले म्हणजे घरी विमान बांधणारे कितीतरी वर्षं ते वापरतायत. काकांनी भंगारवाल्याकडून अ‍ॅक्सिडेंट झालेल्या गाडीतलं ४५० डॉलरला उचललं, पूर्ण खोललं, रिंगा बेअरिंग नवीन, टायमिंग बेल्ट नवीन, हेड तपासून घेतलं. इंजिनाबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती, अजूनही नाही.

गिअरबॉक्स सेकंडहँड होता, एका छोट्या वर्कशॉपने बनवलेला, १४०० डॉलर. विकणारा म्हणाला भरपूर उडालाय. कशावर उडाला, कुठल्या प्रॉपबरोबर, किती तास, ह्याचं उत्तर नाही. सरळ दाताचे दोन गिअर, २४ आणि ४८, रेशो बरोबर २. इंजिनाचं जड फ्लायव्हील (टोकाचं चाक) काढून तिथे हलकी अ‍ॅल्युमिनियमची प्लेट, प्लेटला स्प्लाइन म्हणजे खाचांचा जोड आणि स्प्लाइनमध्ये थेट गिअरचा शाफ्ट. मध्ये रबर नाही, स्प्रिंग नाही. मी बघितल्याबरोबर विचारलं, काका ह्याच्यात नरम काय आहे? काका म्हणाले, "नरम कशाला पाहिजे लेका, घट्ट असलं की टिकतंय."

इथे थोडं थांबून सांगतो कारण सगळी केस ह्याच्यावर फिरते. चार सिलेंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा धक्का देतं आणि दोन धक्क्यांच्या मध्ये कॉम्प्रेशनच्या वेळी क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) उलट ओढला जातो. पलीकडे प्रॉप, त्याला हे काही माहीत नाही, तो आपल्या वजनाने एका स्पीडला फिरत असतो. म्हणजे गिअरचे दाते एकदा ढकलतात, एकदा सुटतात, परत आपटतात. गाडीत हे का होत नाही तर क्लच प्लेटमध्ये त्या स्प्रिंगा असतात, ज्याने कधी क्लच प्लेट हातात घेतलीय त्याने बघितल्या असतील, त्या हा मार खातात, आणि शेवटी टायर असतो. विमानात यातलं काहीच नाही, एका टोकाला क्रँक, दुसऱ्या टोकाला प्रॉप आणि मध्ये पीळ खाणारा दांडा. दोन्ही टोकांचं वजन आणि दांड्याचा ताठपणा ह्यावरून त्याची एक स्वतःची फ्रीक्वेन्सी ठरते आणि इंजिनाचे धक्के नेमके त्या फ्रीक्वेन्सीला आले की पीळ वाढत जातो, कितीपट ते डॅम्पिंगवर. काकांना हे लेथच्या भाषेत लगेच समजलं, लांब शाफ्ट टर्न करताना ठरावीक स्पीडला चॅटर येतो आणि स्पीड बदलला की जातो, तसंच. फक्त इथे स्पीड बदलून पळता येत नाही कारण उडताना त्याच स्पीडला बसायचंय.

मग हिशोब केला. प्रॉप दोन पात्यांचा लाकडी, ४.६ किलो. त्याची फिरण्याची जडता कशी काढायची तर गॅरेजच्या तुळईला दोन दोऱ्या दीड मीटर लांबीच्या, दोन्हीत अंतर अर्धा मीटर, प्रॉप त्यात आडवा लटकवायचा, हळूच पिळून सोडायचा आणि झोके मोजायचे. दहा झोक्यांना २५ सेकंद लागले, त्यावरून आलं ०.३ किलो मीटर वर्ग, म्हणजे ३००० किलो सेंटिमीटर वर्ग. हा आकडा महत्त्वाचा आहे कारण रोटॅक्स आपल्या गिअरबॉक्सला ह्याच आकड्याची मर्यादा घालते, टू स्ट्रोकच्या बी गिअरबॉक्सला ३०००, सी ला ६००० आणि ९१२ ला ६०००. म्हणजे ज्यांनी आयुष्यभर हेच केलंय ते लोक प्रॉप निवडताना व्यासाच्या बरोबरीने त्याची जडता बघतात आणि घरगुतीवाले फक्त व्यास आणि पिच (पात्यांचा तिरपेपणा) विचारतात. क्रँक आणि हलकी प्लेट मिळून ०.०४ धरलं, शाफ्टचा ताठपणा मापावरून काढला आणि उत्तर आलं १४० हर्ट्झ. फेऱ्याला दोन धक्के म्हणजे ४२०० आरपीएम. म्हणजे बरोबर क्रूझच्या, सरळ उडताना ठेवायच्या स्पीडच्या, रेंजमध्ये. काकांना क्रूझ ४२०० ते ४८०० करायचं होतं.

कागदावरच्या आकड्याने काका थांबले नाहीत आणि मला त्यात चूक वाटत नाही, डोळ्याने बघितल्याशिवाय मान्य न करणारा माणूस आहे. विमानाची शेपूट झाडाला बांधली, चाकांना टेकू, मी क्रँकच्या बाजूला सेन्सर लावून लॅपटॉप जोडला. आयडलला गिअरबॉक्समधून बरणीत खिळे हलवल्यासारखी खडखड. ३५०० पर्यंत बरं वाटलं, उलट स्मूथ. ४००० नंतर पिळाचा ग्राफ चढायला लागला आणि ४३०० ला एवढा वर गेला की मी हात करून बंद करायला लावलं. कानाला काहीही कळलं नाही हे मुद्दाम सांगतो. पायलटला सीटमध्येपण काही कळलं नसतं कारण हा पीळ आहे, बॉडी हलत नाही. ज्यांचे शाफ्ट तुटले त्यांच्यातले बरेच जण सांगतात की आदल्या मिनिटापर्यंत सगळं छान चाललं होतं, ते खोटं बोलत नाहीत.

एकूण साडेचार तास जमिनीवर चाललेला तो गिअरबॉक्स खोलला. मोठ्या गिअरच्या ४८ दात्यांपैकी प्रत्येक बारावा दाता आणि त्याच्या शेजारचा घासून चकचकीत, बाकीचे जसेच्या तसे. चार जागा, नव्वद नव्वद अंशांवर. रेशो बरोबर २ असल्यामुळे इंजिनाचा धक्का प्रॉपच्या एका फेऱ्यात चार वेळा आणि दरवेळी त्याच चार जागी बसत होता. काकांनी तो गिअर उजेडात धरून फिरवून फिरवून बघितला, बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "बास. हे नको."

ह्या गोष्टीशी डेटनचा जुना संबंध आहे. राइट बंधूंचं इंजिन आणि चेन ड्राइव्ह इथेच बनलं, त्यांच्या मेकॅनिक चार्ली टेलरने इंजिन बनवलं, १२ हॉर्सपॉवर, आणि स्प्रॉकेट म्हणजे चेनची चाकं ८ आणि २३ दात्यांची. नोव्हेंबर १९०३ मध्ये किटी हॉकला, जिथे ते उडणार होते तिथे, पहिल्यांदा इंजिन चालवलं तेव्हा ते अडखळत, झटके देत चाललं आणि त्या झटक्यांनी प्रॉपचे शाफ्ट खराब झाले. डेटनहून जाड नळीचे शाफ्ट करून आणले, त्यातल्या एकाला परत चीर गेली, शेवटी ऑर्व्हिल स्वतः डेटनला परत आला आणि स्प्रिंग स्टीलचे भरीव शाफ्ट बनवून घेऊन गेला. स्प्रॉकेट सैल व्हायचे तर ते सायकलच्या टायरचं सिमेंट लावून बसवले. पहिल्या उड्डाणाची १७ डिसेंबरची तारीख सगळ्यांना पाठ असते, पण त्याच्या आधीचे ते पाचसहा आठवडे पूर्णपणे पिळाचे होते. २३ला ८ने पूर्ण भाग जात नाही हे काकांनीच मला दाखवलं.

आता पर्याय दोन. एक तर सगळं एवढं ताठ करायचं की फ्रीक्वेन्सी चालण्याच्या रेंजच्या वर जाईल. ५५०० आरपीएमला धक्के १८३ हर्ट्झने येतात, म्हणजे २२०च्या वर न्यायला हवं आणि त्यासाठी ताठपणा जवळपास अडीचपट. शाफ्ट छोटा आणि जाड, वजन वाढतं आणि दात्यांवरचा मार काही कमी होत नाही. दुसरं म्हणजे मध्ये मुद्दाम नरम वस्तू घालून फ्रीक्वेन्सी आयडलच्या खाली आणायची. स्टार्ट करताना आणि बंद करताना त्यातून एकदा जावं लागतं, थरथर होते, पण दोन सेकंदात संपतं. आम्ही दुसरा घेतला. बेल्ट ड्राइव्हचाही विचार झाला, बेल्टमध्ये फिरण्याची दिशा बदलत नाही आणि तेल लागत नाही हे मोठे फायदे, पण बेल्टचा ताण क्रँकच्या शेवटच्या बेअरिंगला एका बाजूला ओढत राहतो, त्याला बाहेरून वेगळं बेअरिंग देऊन आधार द्यायचा तर काउलिंगमध्ये (इंजिनावरच्या झाकणात) जागा नव्हती. गाडीचाच गिअरबॉक्स का नाही हे पण लोक विचारतात. तो जड असतोच, शिवाय प्रॉप दीडशे किलोच्या वर पुढे ओढतो आणि विमान वळलं की जायरोने शाफ्ट वाकवायला बघतो, ती ओढ आणि तो वाक घ्यायला गाडीच्या गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट बनवलेलाच नसतो.

दुसरा गिअरबॉक्स नवीन घेतला, ३३०० डॉलर, आणि ह्यावेळी घेण्याआधी विचारलं: ह्याच इंजिनावर किती तास उडालाय, प्रॉपची जडता किती चालते आणि इंजिन व प्रॉपच्या मध्ये नरम काय आहे. पहिल्या दोघांनी तिसऱ्या प्रश्नाला गिअरबॉक्स किती मजबूत आहे हेच सांगितलं, तिथे फोन ठेवला. तिसऱ्याने उलट आम्हालाच प्रॉपची जडता विचारली, त्याच्याकडून घेतला. दाते २४ आणि ५३. ५३ला कशानेच भाग जात नाही त्यामुळे मार सगळ्या दात्यांवर फिरतो. तेल वेगळं, तापमानाचा सेन्सर, पुढे प्रॉपची ओढ घेणारं वेगळं थ्रस्ट बेअरिंग, आणि फ्लायव्हील व इनपुट शाफ्टच्या मध्ये जाड रबराचं कपलिंग. रबर फाटलं तरी आत स्टीलच्या पिना आहेत, आवाज करत का होईना प्रॉप फिरत राहतो आणि उतरता येतं. माझ्या मते ही पिनांची गोष्ट बाकी सगळ्यापेक्षा मोठी.

आणि गाडीचं मूळ जड फ्लायव्हील परत लावलं. तीनचार किलो वाचले म्हणून ते काढलं होतं आणि तेच सगळ्यात चुकीचं होतं, क्रँकच्या बाजूला वजन असलं की धक्के तिथेच मऊ होतात. नवीन हिशोब १९ हर्ट्झ म्हणजे ५७० आरपीएम. आयडल १४०० ठेवलं. मोजलं तर ४००० ते ५२०० पर्यंत ग्राफ सपाट आणि ती खिळ्यांची खडखड पूर्ण गेली.

एक गोष्ट मात्र आम्ही मुद्दाम करून बघितली आणि कुणी सहसा करत नाही, एका सिलेंडरचं इंजेक्टर काढून चालवलं. एक सिलेंडर मेला की धक्क्यांमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा येणारी खोट तयार होते आणि ती १९ हर्ट्झला भिडते २३०० आरपीएमच्या आसपास. तसंच झालं, २३००ला अख्खं विमान थरथरायला लागलं. म्हणजे हवेत एक सिलेंडर गेला तर ३०००च्या वर राहायचं नाहीतर थेट आयडलला आणायचं, मध्ये रेंगाळायचं नाही. काकांनी पॅनेलवर आरपीएमच्या मीटरला २००० ते २६०० पिवळी पट्टी चिकटवली.

बाकीचं पटपट. एकाच गिअर जोडीमुळे प्रॉप उलटा फिरतो म्हणून डाव्या हाताचा प्रॉप नवीन घ्यावा लागला, दोऱ्यांवर लटकवून त्याची जडतापण मोजली, जुन्याच्या अगदी जवळ आली. टेकऑफला पाय उजव्याऐवजी डावा लागतो, पायाची सवय मोडायला काकांना वेळ लागला. रेडिएटर पोटाखाली, पहिल्यांदा चढताना पाणी तापलं, कारण हवा रेडिएटरमधून न जाता बाजूच्या फटीतून पळत होती, फटी रबराने बंद केल्या आणि पुढचं तोंड छोटं ठेवून मागे रुंद होत जाणारा डक्ट केला तेव्हा थांबलं. इंजिनाला वीज लागते म्हणून बॅटऱ्या दोन, पेट्रोल पंप दोन, वायरिंग पूर्ण वेगळं. पेट्रोलच्या लाइनचा फ्लो नाक वर करून मोजला, हे सगळ्यांनी करावं, एनटीएसबीने म्हणजे इथल्या अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेने २०१२ साली होमबिल्टच्या अपघातांचा जो अभ्यास केला त्यात इंजिनाची पॉवर जाणं आणि कंट्रोल सुटणं हीच मोठी कारणं निघाली आणि त्यातले कितीतरी विमानाच्या पहिल्या काही तासांतले.

टेस्ट फ्लाइंगचे तास पण गाडीच्या इंजिनाला वाढतात, सर्टिफाइड इंजिन आणि प्रॉपची जोडी असेल तर सहसा २५ आणि नसेल तर ४०, तेही सहसा एकट्याने आणि ठरवून दिलेल्या भागातच. काकांनी ते ४० तास चार महिन्यांत पूर्ण केले.

पैशाचा हिशोब काकांनी वहीत लिहिलाय म्हणून सांगता येतो. इंजिन ४५०, त्याचे पार्ट ९००, पहिला गिअरबॉक्स १४०० जो बुडाला, दुसरा ३३००, कपलिंग आणि फ्लायव्हीलचं मशिनिंग ६००, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) वायरिंग पंप १९००, रेडिएटर वगैरे ८००, प्रॉप १२००. एकूण १०५५० डॉलर. त्याच काळात ८० हॉर्सपॉवरचं वापरलेलं ९१२ आम्हाला ११००० ला सांगत होते, त्यालाही वर प्रॉप आणि रेडिएटर लागलाच असता. म्हणजे वाचले किती तर दोनअडीच हजार, आणि त्यासाठी चौदा महिने. पुढच्या उन्हाळ्यात उडायचं असेल तर वापरलेलं ९१२ शोधा, हे मी स्पष्ट सांगतो आणि काकापण सांगतात. त्यांना मात्र स्वतःच्या हाताने उभं केलेलं इंजिन पुढे हवं होतं, ते कारण मला पूर्ण पटतं, फक्त ते कारण आहे हे आधीच कबूल करावं, स्वस्त पडतं म्हणून करतोय असं घरी सांगू नये.

६० तासांना गिअरबॉक्स खोलला तेव्हा मी होतो. ५३ च्या ५३ दाते एकसारखे, कुठेही पट्टा नाही. तेलात लोहचुंबक फिरवलं, नुसती राखाडी बुकी. पण रबर कपलिंगच्या दोन बोल्टांच्या भोकांपाशी केसाएवढ्या चिरा होत्या, नखाला लागतील एवढ्याच. बनवणाऱ्याने २०० तासांचं आयुष्य सांगितलं होतं, त्याला फोटो पाठवले. नवीन कपलिंग बसवलं, हाउसिंगला बाजूने एक भोक पाडलं म्हणजे न खोलता टॉर्च मारून बघता येईल, आणि काकांनी लॉगबुकात लिहिलं, दर १० तासांनी बघणे, ४० ला बदलणे. रबर का फाटतंय ते अजून शोधतोय. मला संशय बंद करतानाच्या त्या दोन सेकंदांवर आहे, १९ हर्ट्झमधून जातानाच्या, म्हणून सध्या बंद करताना थ्रॉटल पूर्ण मिटवून आधी इंजेक्टर तोडतो म्हणजे इंजिन धक्के न देता थांबतं. आता पुढच्या ४० तासांनंतर कळेल.